मापात पाप

मंगळवारी जांभई आली. गुरुवारीही आली. शनिवारी मात्र नाही.

सासऱ्यांच्या जांभयांवर पाळत ठेवणारी सून म्हणजे लोकांच्या लेखी बिनकामाचीच. पण सूनबाईचा स्वभावच तसा. मुलगी शाळेत जायच्या वयाची झाली तरी झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, हे बघितल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. नवरा म्हणायचा, "तू पहारेकऱ्याच्याच जन्माला यायची, चुकून पदवीधर झालीस." आणि जांभईचं म्हणाल, तर ते तिला खुद्द डायलिसिसच्या सिस्टरने शिकवलं होतं.

"मशीन बीपी घेतं, पण मध्ये वेळ सोडून सोडून," सिस्टर म्हणाली होती. "त्या मधल्या वेळात आपले डोळे. बीपी पडायला लागलं की माणूस आधी जांभई देतो. मग गप्प होतो. घाम नंतर, पायात गोळे नंतर, डोळे फिरवणं सगळ्यात शेवटी. जांभई दिसली की मला हाक मारायची. लाजायचं नाही."

त्या गुरुवारी बाबा, म्हणजे सूनबाईचे सासरे, खिडकीजवळच्या खुर्चीत रेलून वाद घालत होते. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेला माणूस. सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा. बाजारात दोन दुकानदारांची जुंपली की काटेवाल्यांना बोलावणं जायचं आणि ते सांगतील ते वजन खरं धरलं जायचं. आता मूत्रपिंडांनी हात टेकले होते आणि आठवड्यातून तीनदा हे मशीन त्यांचं रक्त धुऊन देत होतं. डावा हात जाकिटाच्या बाहीतून बाहेर काढलेला, त्यात दोन सुया. एका नळीने रक्त जात होतं, दुसरीने परत येत होतं. बाकी अंगावर जाड करडं जाकीट गळ्यापर्यंत.

"मास्तर, ते भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय."

"घड्याळ जागच्या जागी आहे, तुम्हाला घरी जायची घाई झालीय," शेजारच्या खुर्चीतले मास्तर म्हणाले. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दोघांची वेळ एकच आणि भांडायची हौसही एकच.

"काट्याचं काही असलं तर मला विचारा. वजनाचा असो की घड्याळाचा, काटा तो का—"

आणि वाक्याच्या मधोमध भली मोठी जांभई.

"सिस्टर!" सूनबाई उठून उभीच राहिली.

सिस्टर आली ती धावत नाही, पण चालतही नाही, अशी. एका हाताने तिने मशीनचं अंगातलं पाणी काढणं बंद केलं, दुसऱ्या हाताने खुर्ची सपाट करून डोकं खाली, पाय वर केले. खुर्ची कलली तशी जाकिटाखालून कुठेतरी टक् करून लोखंडी कठड्यावर काहीतरी आपटलं. घराच्या किल्ल्या असतील, असं सूनबाईच्या मनात येऊन गेलं. सिस्टरने सलाईनचा चाप सोडला आणि बाबांचा गाल थोपटला.

"बाबा, माझ्याकडे बघा. आज वार कुठला?"

बाबांचे ओठ पांढरे पडले होते. कपाळावर घामाचे थेंब. "गुरु..." एवढंच आलं.

"वार पण म्हणा की! अर्धवट उत्तराला मास्तर मार्क देणार नाहीत." सिस्टर हसत बोलत होती, पण तिची नजर मशीनच्या पडद्यावरून हलत नव्हती. वरचा आकडा ऐंशीच्याही खाली गेलेला सूनबाईला दिसला. मग तो आकडा हळूहळू, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, थांबत थांबत वर आला.

"काटेवाले," मास्तर म्हणाले, "वाद हरायची वेळ आली की तुम्ही बेशुद्ध पडता. ही काही रीत झाली?"

बाबांनी डोळे उघडले. "घड्याळ... मागेच आहे."

सगळे हसले. सूनबाई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला हसू यायच्या ऐवजी भलतंच काहीतरी येत होतं.

जरा वेळाने सिस्टर हात धुवायला बेसिनपाशी गेली, तशी ती मागोमाग गेली.

"असं किती दिवस चालायचं, सिस्टर?"

"चालता कामा नये. दर वेळी बीपी वर येतं म्हणून बरं. एखाद्या दिवशी नाही आलं तर? आणि प्रत्येक वेळी हृदयाला, मेंदूला थोडाथोडा फटका बसतो तो वेगळाच. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर बघू, नाहीतर मोठ्या इस्पितळात भरती करून हृदय तपासू." सिस्टरने नळ बंद केला. "मला सतावतंय ते दुसरंच. कारण सापडत नाहीये. आणि मला कारण सापडल्याशिवाय जेवण जात नाही."

तिथेच दोघींचं जमलं. कारण सूनबाईचंही तेच. कॉलेजात प्रयोगशाळेत ती एकटी मागे थांबायची, उत्तर आलं म्हणून नाही, तर ते का आलं म्हणून.

तसं करून बघायचं त्यांनी काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आधी बीपीच्या गोळीवर संशय गेला. डायलिसिसच्या सकाळी गोळी द्यायची बंद केली. फरक नाही. मग खाण्यावर. "पोटात अन्न गेलं की रक्त तिकडे पळतं," सिस्टर म्हणाली, म्हणून खुर्चीत बसून सँडविच खाणं बंद झालं. बाबांनी दोन दिवस तोंड फुगवलं, बीपी पडायचं ते पडलंच. मग सिस्टरने मशीनमधलं पाणी थोडं थंड केलं. थंडाव्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि बीपी तगून राहतं म्हणे. बाबांना थंडी वाजायला लागली, म्हणून तिनेच सांगितलं, जाकीट घालून या. जाकीट आलं, जांभई गेली नाही. शेवटी डॉक्टरांनी बाबांचं कोरडं वजन अर्ध्या किलोने वाढवलं.

"हे कोरडं वजन म्हणजे नक्की काय?" सूनबाईने त्या दिवशी बेसिनपाशी विचारून घेतलं.

"अंगात जास्तीचं पाणी नसताना माणूस जेवढा भरतो तेवढा. तुमचं-आमचं जास्तीचं पाणी लघवीवाटे जातं. यांचं जात नाही, साठतं. आल्यावर काट्यावर उभं करायचं. भरेल त्यातून कोरडं वजन वजा करायचं, उरलं तेवढं पाणी मशीनने काढायचं. साधी वजाबाकी."

"मग त्यात बीपी का पडावं?"

"कारण मशीन काढतं रक्तातलं पाणी. अंगात मुरलेलं पाणी मागाहून रक्तात झिरपतं, सावकाश. झिरप कमी आणि उपसा जास्त झाला की विहीर कोरडी पडते." सिस्टर थांबली. "पण अर्धा किलो सूट दिल्यावर उपसा कमी झाला ना? पहिला आठवडा छान गेला. आणि परत आपलं तेच! मंगळवारचं मी समजू शकते, मधे जास्त दिवस जातात, पाणी जास्त साठतं. पण गुरुवारी का? आणि शनिवारी का नाही?"

"शनिवारी मी नसते," सूनबाई म्हणाली. "शनिवारी त्यांचा मुलगा आणतो त्यांना."

"हो, आणि शनिवारी वजनही किलोभर कमीच भरतं. मुलाच्या धाकाने पाणी कमी पीत असतील."

सिस्टर सहज बोलून गेली, पण सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या मनातल्या पाली तशाही फार दिवस गप्प बसत नसत. म्हणजे कारण मीच की काय? मी नेते तेव्हा बीपी पडतं, तो नेतो तेव्हा पडत नाही. पायगुण वगैरे ती मानत नव्हती. शिकलेली होती. पण शिकलेल्या माणसाला नको ते सुचत नाही असं थोडंच आहे? ते सुचतं, फक्त ते कुणाला सांगता येत नाही.

शुक्रवारी स्वयंपाकघरात तिने नवऱ्याला धरलं.

"शनिवारी तू काय काय करतोस? सगळं सांग."

"काय करतो म्हणजे? नेतो, बसतो, आणतो."

"असं नाही. दारातून निघाल्यापासून."

"तू चौकशी समिती आहेस का गं? गाडीत बसवतो. गाडीत त्यांना उकडतं म्हणून जाकीट माझ्या मांडीवर. लिफ्टने वर जातो. ते काट्यावर उभे राहतात. खुर्चीत बसले की मी त्यांना जाकीट घालतो. मग मी मोबाइल बघतो आणि ते मास्तरांशी भांडतात. संपलं. आता मीठ दे, भाजी अळणी आहे."

तिने त्या सांगण्यातली खाण्याची, झोपेची, बोलण्याची बाजू उलटसुलट करून पाहिली. हाती काही लागलं नाही.

लागलं ते मंगळवारी, तेही घरातून निघता निघता. ती पिशवीत चादर कोंबत होती आणि आतून मुलीचा, चिमणीचा, आवाज आला, "आई, माझं दुकान बंद! आज मोठी वजनं नाहीत."

बाबांनी धंदा सोडताना सगळं विकलं, पण पितळी वजनांची एक लाकडी पेटी ठेवली होती. आत मखमल, मखमलीत प्रत्येक वजनाची बैठक, लहानापासून मोठ्यापर्यंत. चिमणी त्या वजनांवर घरातले बटाटे, चेंडू, चपला, सगळं विकायची. सूनबाईने वाकून बघितलं. पेटीतल्या दोन सगळ्यात मोठ्या बैठका रिकाम्या होत्या. पाचशे पाचशे ग्रॅमची जोडी.

"कुठे टाकलीस?"

"मी नाही टाकली. आजोबा म्हणाले, ती कामाला जातात. संध्याकाळी येतात परत."

"रोज जातात?"

"रोज नाही काही," चिमणी म्हणाली. आईला एवढंही कळत नाही याचं तिला नवल वाटलं. "तू आणि आजोबा जाता ना, तेव्हा. शनिवारी त्यांना सुट्टी असते."

सूनबाई होती तिथेच खाली बसली. टक् करून काहीतरी आपटल्याचा आवाज तिच्या कानात पुन्हा वाजला. साधी वजाबाकी. आल्यावरचं वजन वजा कोरडं वजन. आणि त्या आल्यावरच्या वजनात एक किलो पितळ.

बाहेर गाडी आली होती. बाबा दाराशी जाकीट घालून, बटणं लावून, अगदी शहाण्या मुलासारखे उभे. जाकीट दोन्ही बाजूंनी सारखं खाली ओढलेलं होतं. एका खिशात एक, दुसऱ्यात एक. तोल सांभाळणं हा तर त्यांचा धंदाच. खालची कड वाऱ्याने इकडची तिकडे होत नव्हती, हे तिला आज दिसलं. इतके दिवस डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

चिमणीला शेजारी सोडून ती गाडीत बसली. राग होताच. पण रागापेक्षा मोठा एक प्रश्न होता: का? माणूस वजन कमी दाखवायला लबाडी करतो. पाणी जास्त प्यायलात म्हणून सिस्टर रागावते ना. हा माणूस वजन वाढवून दाखवतो आणि दर वेळी स्वतःला मरणाच्या दारात नेऊन आणतो. कशासाठी?

आधीच्या पाळीचे लोक अजून आत होते. मास्तरांची खुर्ची रिकामी झाल्याने ते आत गेले होते, बाहेरच्या बाकावर ही दोघंच बसली.

"बाबा, एक विचारू? काट्यात खोट आहे असं वाटलं, तर तुम्ही आधी काय बघायचात?"

बाबा खुलले. कामाचं विचारलं की ते खुलायचेच. "आधी रिकामा काटा बघायचा. पारड्यात काही नसताना शून्य दाखवतो का. लोक उगाच आतली स्प्रिंग बघत बसतात. पारड्याखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं शिसं कुणी बघत नाही."

"मग जाकीट द्या माझ्याकडे. रिकामं करून बघू."

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. एका खिशातून एक आणि दुसऱ्यातून एक वजन काढून त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवलं. पितळ अंगाच्या उबेने गरम झालं होतं.

"चिमणीने सांगितलं?"

"तिला काय माहीत! तिला वाटतं वजनं कामाला जातात."

"जायचीच की," बाबा पुटपुटले. मग म्हणाले, "तहान काय असते तुला माहीत नाही, सूनबाई. दिवसाचं पाणी मोजून, त्यातच गोळ्यांचे घोट. ओठ ओले करायचे आणि पेला खाली ठेवायचा. मला झोपेतसुद्धा नळाचा आवाज ऐकू येतो. मनात हिशेब केला. मशीनने किलोभर जास्त काढलं, तर तेवढं पाणी मला जास्त प्यायला मोकळीक. घरी गेलं की न्हाणीघराचं दार लावायचं आणि दोन-तीन पेले, एका दमात, मान वर करून. घोटाघोटाने नाही. कोंबडीसारखं नाही. माणसासारखं." त्यांनी हाताने पेला उलटा केल्याची खूण केली. "शनिवारी तो जाकीट हातात घेतो, म्हणून शनिवारी नाही."

"आणि डोळे फिरायचे ते?"

"आधी वाटलं, मशीनचाच दोष. तेव्हा दोनशेची जोडी सदऱ्याच्या खिशातून न्यायचो. मग डॉक्टरांनी अर्धा किलो सूट दिली आणि बीपी पडायचं थांबलं." ते थांबले. "मग जाकिटात पाचशेची जोडी घातली. आणि परत पडायला लागलं. तेव्हा कळलं मला. काटेवाला आहे मी. न कळायला काय झालं?"

"कळूनसुद्धा?"

बाबांनी जाकिटाचे रिकामे खिसे चाचपले.

सूनबाईने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. सिस्टर जेवत नाही, डॉक्टर हृदय तपासायला निघालेत, चिमणीला आजोबा हवेत. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी आणते तेव्हाच तुमचं बीपी पडतं, बाबा. मला वाटायचं माझाच पायगुण. मी रोज हिशेब करायचे, मी काय चुकीचं करते म्हणून."

बाबांनी मान वर केली. ते जे काही ऐकायच्या तयारीत होते, त्यात हे नव्हतं.

"तुझा?" ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, हळू, "तुझा गं?"

आतून दार उघडलं. सिस्टरने हाक मारली, "काटेवाले, चला, काट्यावर!"

सूनबाई वजनं पिशवीत टाकायला गेली. सिस्टरला सांगावं तर लागणारच होतं. डॉक्टरांची ती अर्धा किलो सूट खोट्या वजनावर बेतलेली होती. पण ती बाजूला नेऊन, मास्तरांच्या कानावर न जाता सांगणार होती. म्हाताऱ्या माणसाची उभ्या जन्माची पत चारचौघांत कशाला उतरवायची? तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. "दे इकडे."

ते आत गेले ते थेट काट्याशी. उभे राहिले नाहीत. वाकून त्यांनी दोन्ही वजनं काट्यावर ठेवली, जोडीने, मधोमध.

"बघा, सिस्टर. बरोबर एक किलो. काट्यात खोट नाही. तुमच्या वजाबाकीतही नाही. हे माझ्या खिशात असायचं. मंगळवारी आणि गुरुवारी."

सिस्टरने वजनांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग सूनबाईकडे. मास्तर खुर्चीतून मान उंचावून बघायला लागले.

"मी पाणी थंड केलं," सिस्टर सावकाश म्हणाली. "थंडी वाजते म्हणून जाकीट घाला, असं मीच सांगितलं. म्हणजे चोराच्या हाती मीच किल्ल्या दिल्या."

"तसंच."

"बाबा, तुम्ही माझे वडील असता ना, तर आज तुमची खैर नव्हती." आणि लगेच, त्याच दमात, "आता जाकीट काढा, चपला काढा, उभे राहा. किती दिवस न्यायचात, किती ग्रॅम, सगळं सांगा. मला डॉक्टरांना फोन करायचाय." तिचा आवाज चढलेला होता, पण डोळ्यांत कसलातरी उजेड होता. सूनबाईने तो ओळखला. प्रयोगाचं उत्तर का आलं ते कळल्यावर येतो तो.

फोन झाला. आज कमी काढायचं, सावकाश काढायचं, कोरडं वजन नव्याने ठरवायचं, असं ठरलं. सुया टोचताना सिस्टर बोलतच होती. "तहान लागते, तर ते मला सांगायचं. त्यावर औषध आहे माझ्याकडे. बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा, विरघळेपर्यंत. गार पाण्याने चूळ भरायची, गिळायची नाही. मोठ्या पेल्याऐवजी लहान पेला. पण आधी हे सांगा, एवढी तहान लागतेच कशी? मीठ कुठून जातंय पोटात?"

"आमच्याकडे भाजी अळणी असते," सूनबाई म्हणाली. "नवरा रोज कुरकुरतो."

बाबांनी उत्तर दिलं नाही. पण शेजारच्या खुर्चीत मास्तर एकाएकी छताकडे बघायला लागले, आणि त्यांच्या उशीखाली कागदाची पुडी चुरचुरली.

"मास्तर," सिस्टर म्हणाली. "हात वर."

"खारे दाणे आहेत हो. चार दाणे. माणुसकी म्हणून देतो."

"माणुसकी माझ्या टेबलावर आणून ठेवा."

मशीन सुरू झालं. सूनबाई स्टूल ओढून बाबांच्या समोर बसली. जाकिटाऐवजी आज त्यांच्या अंगावर तिने आणलेली चादर होती. मास्तर आणि बाबा घड्याळावरून भांडले, मग दाण्यांवरून, मग दाणे पकडले गेले ते कुणामुळे यावरून. पहिला आकडा चांगला आला. दुसराही. जी वेळ नेहमी वाईट जायची ती जवळ आली तशी तिची नजर बाबांच्या तोंडावरून ढळेना.

बाबा बोलता बोलता थांबले. डोळे बारीक झाले. आणि मोठी, लांबलचक जांभई.

"सिस्टर!"

सिस्टर आली. मशीनवरचं बटण दाबलं. उजव्या दंडावरची पट्टी फुगली, आवळली, सुस्कारा टाकून सैल झाली. तिघंही पडद्याकडे बघत होती. मास्तर धरून चौघं.

"एकशे तीस," सिस्टर म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"झोप आलीय मला," बाबा चिडून म्हणाले. "तहानेने काल रात्रभर डोळा नाही. माणसाने साधी जांभई पण द्यायची नाही का?"

"द्या की. हवी तेवढी द्या," सिस्टर म्हणाली आणि चादर त्यांच्या गळ्याशी नीट खोचून गेली.

बाबांनी डोळे मिटले. सूनबाईने थोडा वेळ त्यांच्या छातीवर नजर ठेवली, चादर वर-खाली होते आहे ना ते बघितलं. होत होती. तिने पाठ भिंतीला टेकली. कित्येक दिवसांत टेकली नव्हती. आणि मग तिच्याही नकळत तिचा जबडा हलला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडावर हात नेईपर्यंत उशीर झाला होता.

"सिस्टर, धावा," मास्तर ओरडले. "इकडे आणखी एक!"